गुरूच्या चंद्राचं नाव इंग्रजीला विचारून का लिहायचं?

गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी सगळ्यात आतल्या चंद्राचं नाव रोमन लिपीत अवघ्या दोन अक्षरांचं आहे. मराठीत त्याचं ‘आयो’ झालं. पुस्तकांत, बातम्यांत, यूट्यूबवरच्या मराठी व्हिडिओंत बहुतेक ठिकाणी हेच रूप भेटतं, मधूनच ‘इओ’ किंवा ‘आयओ’सुद्धा. शेजारच्या हिंदीतही ‘आयो’च. माझं म्हणणं असं की हे नाव मराठीत ‘ईओ’ असं लिहावं आणि ग्रीक पुराणांतून आलेल्या सगळ्याच चंद्रनामांना हाच न्याय लावावा. इंग्रज माणूस रोमन अक्षरं वाचताना जो उच्चार करतो तो देवनागरीत उतरवायचा आणि त्यालाच जगाचा उच्चार समजायचं, ही सवय आपण सोडायला हवी. चार अक्षरांसाठी एवढा आटापिटा कशाला, असं कुणाला वाटेल. पण विज्ञानाची परिभाषा अशा चार-चार अक्षरांनीच बनते, आणि ती एकदा छापली गेली की पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

आधी जगाकडे पाहू. जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, रशियन या सगळ्या भाषांत हा चंद्र ‘ईओ’ किंवा ‘इओ’ आहे. रशियन माणूस आपल्या सिरिलिक लिपीत ते लिहितो, पण आवाज तोच. जपानी त्याला ‘इओ’ म्हणतात, कोरियनही ‘इओ’. खुद्द ग्रीसमध्ये शेवटच्या ‘ओ’वर जोर देऊन ‘इओ’. ‘आय’ने सुरुवात करणाऱ्या भाषांत इंग्रजी आहे, आणि इंग्रजीमागून गेलेल्या अरबी, थाई, हिंदी, मराठी आहेत. म्हणजे ज्याला आपण आंतरराष्ट्रीय उच्चार समजतो तो जगातल्या एका भाषेचा घरगुती उच्चार आहे. इंग्रजीत साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर सरकले आणि ‘ई’चा ‘आय’ झाला. त्या भाषेच्या इतिहासात ते झालं, ठीकच आहे. मराठीच्या इतिहासात तसं काही झालेलं नाही. आपली ‘ई’ जागची हललेली नाही. मग आपल्या चंद्राला हा हेलकावा कशासाठी?

चिनी लोकांनी तर वेगळीच वाट धरली. ते या चंद्राला ‘मू-वेइ-यी’ म्हणतात. गुरू म्हणजे त्यांचा ‘मू’ ग्रह, लाकूड या तत्त्वाचा. ‘वेइ’ म्हणजे राखणदार, उपग्रह. ‘यी’ म्हणजे एक. गुरूचा राखणदार क्रमांक एक. पुराणकथा गायब, पण शाळकरी पोरालासुद्धा हा कुणाचा चंद्र ते नावातूनच कळतं. यामागे चंद्रांना क्रमांकाने ओळखायची युरोपचीच जुनी रीत आहे. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हे चंद्र पाहिले तेव्हा आपल्या आश्रयदात्या मेदिची घराण्याचं नाव त्यांना दिलं. ईओ, युरोपा, गानिमेदे, कल्लिस्तो ही नावं सिमोन मारियस या जर्मन ज्योतिर्विदाने १६१४ साली छापली, आणि ती कल्पना केप्लरने सुचवल्याचं त्यानेच नोंदवलं आहे. गॅलिलिओने ती मानली नाहीत. पुढे तीनशेहून अधिक वर्षं खगोलशास्त्रज्ञ बहुधा ‘गुरूचा पहिला’, ‘गुरूचा दुसरा’ असंच लिहीत राहिले. मारियसची नावं खऱ्या अर्थाने रुळली ती विसाव्या शतकात. तेव्हा ही नावं फार प्राचीन, अढळ, हात लावू नये अशी आहेत, हा समजही चुकीचाच.

ईओची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, पण आपल्या माणसांना ती चटकन लागू पडते. आर्गोस गावातल्या हेरादेवीच्या देवळातली ही पुजारीण. देवांचा राजा झ्यूस, म्हणजे रोमनांचा ज्युपिटर, तिच्यावर भाळला, आणि बायकोला कळू नये म्हणून त्याने तिची कालवड केली. हेराने ओळखलंच. तिने शंभर डोळ्यांचा आर्गस राखणीला बसवला. तो मारला गेल्यावर एक गोमाशी मागे लावली. डंख सोसत ती कालवड देशोदेशी पळत सुटली. युरोप आणि आशियामधली चिंचोळी सामुद्रधुनी तिने पोहून ओलांडली, म्हणून तिचं नाव बॉस्पोरस पडलं, म्हणजे गाईचा उतार. इस्तंबूलमधल्या त्या पाण्याला आजही तेच नाव आहे. शेवटी इजिप्तमध्ये तिला पुन्हा बाईचं रूप मिळालं. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ यानाच्या छायाचित्रांत लिंडा मोराबिटो यांना याच चंद्राच्या कडेवर एक फवारा दिसला आणि पृथ्वीबाहेर जागता ज्वालामुखी असतो हे पहिल्यांदा कळलं. गुरूच्या ओढाताणीने हा चंद्र आतून सतत मळला जातो, तापतो. छळ सोसणाऱ्या त्या कालवडीचं नाव त्याला मिळावं हा योगायोग मला फार हलवून जातो.

मुलांना गुरू दाखवताना ही अडचण मी जवळून पाहिली आहे. दुर्बिणीत गुरूची तबकडी आणि एका रेषेत चार ठिपके दिसतात. ग्रहाला चिकटून असलेला ठिपका बहुधा ईओ असतो. पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करणारा हा चंद्र तास-दीड तासात जागा बदललेला दिसतो. भिंतीवरच्या इंग्रजी तक्त्यावर त्याचं नाव मुलं ‘लो’ असं वाचतात, कारण साध्या छापील अक्षरात मोठा आय आणि लहान एल सारखेच दिसतात. तक्ता ‘लो’ सांगतो, दाखवणारा ‘आयो’ म्हणतो, वही कोरी राहते. देवनागरीत ‘ईओ’ लिहिलं की वाचणाऱ्याला दुसरं काही वाचताच येत नाही. आपली लिपी या कामासाठी तयार बसलेली असताना आपण उच्चार मात्र भलतीकडून आणतो.

प्लूटोच्या चंद्राच्या ‘खारोन’ या नावाने तर आपल्या सवयीची खरी परीक्षा घेतली. २२ जून १९७८ रोजी अमेरिकेतल्या नौदल वेधशाळेत जेम्स क्रिस्टी प्लूटोच्या जुन्या छायाचित्रांच्या काचा तपासत होते. प्लूटोच्या ठिपक्याला एका बाजूला फुगवटा दिसत होता, आणि आजूबाजूचे तारे मात्र गोल होते. म्हणजे काच हललेली नव्हती. तो फुगवटा ६.३९ दिवसांच्या अंतराने फिरत होता. तो चंद्र होता. क्रिस्टींच्या पत्नीचं नाव शार्लीन, घरगुती नाव ‘शार’. त्याला इलेक्ट्रॉन, प्रोटॉनमधलं ‘ऑन’ जोडून त्यांनी एक नाव बनवलं आणि नंतर शब्दकोशात पाहिलं, तर तेच नाव ग्रीक पुराणात मृतांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं निघालं. प्लूटो पाताळाचा राजा, मग त्याचा चंद्र नावाडी. हे नाव जानेवारी १९८६ मध्ये अधिकृतपणे जाहीर झालं. क्रिस्टी स्वतः ‘शॅरन’ म्हणत, न्यू होरायझन्स मोहिमेच्या मंडळींनी तोच उच्चार उचलला. इतर इंग्रज ‘केरन’ म्हणतात. म्हणजे खुद्द इंग्रजीतच दोन उच्चार. यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेलं आणि तेव्हापासून मराठीत शेरॉन, कॅरॉन, चॅरॉन अशी सगळी रूपं फिरताहेत. ‘चॅरॉन’ तर कुणाचाच उच्चार नाही. रोमन अक्षरांकडे पाहून केलेला तो अंदाज आहे.

दुसरीकडे पाहा. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ‘कारोन्ते’, फ्रेंचमध्ये ‘कारों’, रशियनमध्ये घशातून काढलेल्या ख़ने ‘ख़ारोन’, जपानीत ‘कारोन’. प्रत्येकाने नावाड्याचं आपल्या भाषेत आधीपासून रुळलेलं नाव चंद्राला दिलं. क्रिस्टींनी पत्नीला दिलेल्या भेटीबद्दल मला आदर आहे. पण अधिकृत नोंदीत तो चंद्र शार्लीनबाईंचा नाही, नावाड्याचा आहे. आपल्याकडे वैतरणी ओलांडायला गाईचं शेपूट धरतात. ग्रीकांकडे मेलेल्याच्या तोंडात एक नाणं ठेवत, ते या खारोनचं उतारभाडं. ‘शेरॉन’ लिहिलं की ही सगळी गोष्ट तुटते आणि वाचकाला एखाद्या बाईचं नाव वाटतं.

आणि ‘ख’ लिहिण्यात आपण कुणावर उपकार करत नाही. प्राचीन ग्रीक भाषेत क-ख, प-फ, त-थ असे भेद होते, जवळजवळ आपल्यासारखेच. त्यांचं ‘खी’ हे अक्षर म्हणजे आपला ख, ‘फी’ म्हणजे ओठांवरचा महाप्राण फ, ‘थेता’ म्हणजे थ. रोमनांकडे हे वर्ण नव्हते म्हणून त्यांनी प्रत्येक अक्षरामागे एच जोडून वेळ मारून नेली. इंग्रजीला आजही तो एच नीट म्हणता येत नाही. शनीच्या ऱ्हेआचंच पाहा. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ ह मिसळून उच्चारला जाई. इंग्रज तो एच लिहितो आणि गिळतो, ‘रीया’ म्हणतो. मराठीत ऱ्हास आहे, ऱ्हस्व आहे. त्या ध्वनीच्या इतकी जवळची जोडाक्षरं फार थोड्या भाषांकडे असतील. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरी आपण ‘ऱ्हिया’ लिहितो, म्हणजे ऱ्ह बरोबर धरतो आणि पुढच्या स्वरात पुन्हा इंग्रजीच्या मागे जातो.

शेवटचा स्वर चुकला की काही ठिकाणी माहितीच हरवते. गुरूपासून दूर, वेड्यावाकड्या कक्षांत फिरणाऱ्या चंद्रांची नावं १९७५ साली ठरली तेव्हा एक संकेत पाळला गेला. गुरू स्वतःभोवती ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने जाणाऱ्या चंद्रांच्या नावाच्या शेवटी ‘आ’ : लेदा, हिमालिया, लिसिथेआ, एलारा. उलट्या दिशेने जाणाऱ्यांच्या शेवटी ‘ए’ : अनांके, कार्मे, पासिफाए, सिनोपे. (हिमालिया ही ऱ्होड्स बेटावरची अप्सरा, हिमालयाशी तिचा काही संबंध नाही, गावोगावी विचारला जाणारा प्रश्न म्हणून सांगून ठेवतो.) गानिमेदे या नियमाआधीचा, त्याला तो लागू नाही. पण बाकीच्यांच्या नावाच्या शेपटीवरूनच कक्षेची दिशा कळते. इंग्रजीमागून जाऊन एका पुस्तकात ‘कार्मी’, दुसऱ्यात ‘कार्मे’, तिसऱ्यात शेवटचा स्वर उडवून ‘कार्म’ लिहिलं, तर मराठी विद्यार्थ्याला हा संकेत दिसणारच नाही.

ग्रीक नावं थेट घेणं आपल्याला नवं नाही. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त राशींची ग्रीक नावं ओळीने येतात: क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य. क्रिओस, तौरोस, दिदिमोइ, लेओन, पार्थेनोस, झिगोन, स्कोर्पिओस हीच ती, कानाने ऐकून संस्कृतच्या साच्यात बसवलेली. होरा ग्रीक आहे. ‘केंद्र’ हा ग्रीक ‘केंत्रोन’. आज केंद्र सरकार, आरोग्य केंद्र, मतदान केंद्र म्हणताना कुणाला तो परका वाटतो? नाशिकच्या पांडवलेण्यांत एका लेण्याचा दाता स्वतःला ‘योणक’, म्हणजे ग्रीक, म्हणवतो आणि गाव ‘दातामिती’ सांगतो. ग्रीक राजा देमेत्रिओसच्या नावावरून वसलेलं ते गाव, असं अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या प्राकृताने ग्रीक नाव मध्यस्थाशिवाय पचवलं. पुढे तुटलेला धागा अरबी-फारसीतून आला: प्लातोनचा ‘अफलातून’ झाला आणि मराठीत चक्क विशेषण बनला. तेव्हा मध्यस्थ लागत होता, कारण मूळ ग्रंथ हाताशी नव्हते. आज ग्रीक शब्दकोश फोनवर उघडतो. तरी लंडनमार्गे अथेन्सला जायचं, हा निव्वळ द्राविडी प्राणायाम झाला.

यावर आक्षेप येतात आणि ते फालतू नाहीत. पहिला असा की विद्यार्थ्याला पुढे इंग्रजीतच शिकायचं आहे, त्याला दोन-दोन उच्चारांचा घोळ कशाला. पण रशियन आणि जपानी विद्यार्थीसुद्धा पुढे इंग्रजी शोधनिबंधच वाचतात. त्यांची ‘ईओ’मुळे अडचण झाल्याचं दिसत नाही. रोमन लिपीतलं रूप तर सगळीकडे एकच असतं. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो ते ते लिखित रूप. इंग्रजी उच्चार इंग्रजी बोलताना शिकावा, मराठी लिहिताना नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. आजचा ग्रीक माणूस ‘गानिमीदिस’ म्हणतो, म्हणजे ‘गॅनिमीड’मधला ‘मी’ त्याच्याशी जुळतोच की! ‘कार्मे’ला तोही ‘कार्मी’च म्हणेल. खरं आहे. ग्रीकचेही स्वर दोन हजार वर्षांत सरकले. पण चंद्रांची अधिकृत रूपं आजच्या ग्रीकवरून आलेली नाहीत, ती प्राचीन ग्रीक-लॅटिन रूपांवरून घडली. म्हणून माझी सूचना अशी: अधिकृत रोमन रूप जसंच्या तसं घ्यावं, आणि त्यातल्या अक्षरांना इंग्रजी नव्हे तर प्राचीन ग्रीक-लॅटिन मोल द्यावं. म्हणजे ई-अक्षराला ए, आय-अक्षराला इ किंवा ई, टी-डीला त-द, दोन एल असतील तर ल्ल. या नियमाने गुरूचे कल्लिस्तो आणि गानिमेदे, नेपच्यूनचा त्रितोन, शनीची दिओने सरळ मिळतात. इटालियन कवीला आपण ‘डँटी’ म्हणत नाही, दांतेच म्हणतो. मग दिओनेचंच ‘डायोनी’ का?

अपवाद ठेवावे लागतील. ‘युरोपा’ला हात लावू नये; युरोप खंड हे त्याच कन्येचं नाव आणि ते मराठीत केव्हाच मुरलं. ‘टायटन’ही घड्याळामुळे घराघरांत पोचलं आहे, ते उपटून ‘तितान’ लावण्यात वाद जास्त आणि लाभ कमी. जपान्यांनीही इथे तडजोड केली: शनीचा चंद्र ‘ताइतान’, पुराणातले ते राक्षसी देव मात्र ‘तीतान’. शनीच्याच दुसऱ्या एका चंद्राचं ‘एन्सेलॅडस’ हे रूप मला खुपतं. २००५ साली कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याची वाफ उसळताना दिसली, तेव्हापासून ते नाव बातम्यांत आहे. पण अजून इतकं मुरलेलं नाही की ‘एन्केलादस’ करता येऊ नये. इथे रशियनही ‘त्स’कडे वळली आहे, हे मान्य. तरी मी क-च्या बाजूचा.

संस्कृतीकरण हवं म्हणणारेही आहेत: कल्लिस्तोला ‘सुंदरी’, खारोनला ‘नाविक’ म्हणा. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या गोष्टीतल्या पात्राचं नाव पुसून आपलं लावणं म्हणजे गोष्टच बुडवणं. जिथे नाव ठेवण्याचा हक्क आपला, तिथे मात्र ते आपल्या भाषेतलं ठेवावं, आणि तसं एका मराठी माणसाने केलेलंही आहे. ‘ज्योतिर्गणितम्’चे कर्ते व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली मांडलं की नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत. आधार कोणता, तर ईओ, युरोपा आणि गानिमेदे यांच्या प्रदक्षिणाकाळांतला एकास दोनास चार हा मेळ. तसाच मेळ बाहेरच्या ग्रहांत असेल असं धरून त्यांनी गणित केलं आणि त्या दोन ग्रहांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचा प्रदक्षिणाकाळ त्यांनी सुमारे २४२ वर्षं काढला होता. १९३० साली सापडलेल्या प्लूटोचा सुमारे २४८ वर्षांचा निघाला. त्यांचा मेळाचा तर्क तंतोतंत बरोबर ठरला नाही, विष्णू कधी सापडला नाही. पण गुरूच्या चंद्रांवरून आकडे मांडताना इंग्रजी पद्धतीची नावं शोधायची गरज त्या माणसाला वाटली नाही.

आता करायचं काय, तर एक यादी. मराठी विश्वकोश मंडळ, बालभारती, मराठी विज्ञान परिषद आणि पुण्याची १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था यांनी एकत्र बसून गुरू, शनी, नेपच्यून आणि प्लूटोच्या ग्रीक नावांच्या चंद्रांची सर्वांनी पाळायची देवनागरी रूपं ठरवावीत, मराठी विकिपीडियावर टाकावीत आणि पाठ्यपुस्तकांनी तीच वापरावीत. सोबत ग्रीक जाणणारा एक माणूस हवा. विद्यापीठांत तो सापडतो. कोशातल्या अकारविल्हे क्रमात एकच चंद्र ‘आ’त, ‘इ’त आणि ‘ई’त असा तीन ठिकाणी शोधावा लागणार नाही, एवढ्यासाठीसुद्धा हे करण्याजोगं आहे.

घाईचं कारणही आहे. शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या मार्च २०२५ मध्ये २७४ वर गेली, आणि त्यातल्या बहुतेकांना अजून नावच मिळालेलं नाही. शनीच्या दूरच्या चंद्रांना नावं मिळतात ती ग्रीक नव्हे, तर इनुइट, नॉर्स आणि गॉल परंपरेतली. त्यांचे उच्चार आपल्यापर्यंत पुन्हा इंग्रजीतूनच पोचणार, आणि त्या भाषा जाणणारी माणसं तर आपल्याकडे ग्रीकपेक्षाही कमी. ग्रीक नावांचं काम त्यामानाने सोपं आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. शनीच्या नव्या चंद्रांसाठी वेगळी बैठक लागेल, आणि ती त्यांची नावं जाहीर होण्याआधी झालेली बरी.